गॅसचा गिझर पेटत नाही? आधी कान द्या

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातली कितीतरी बंद घरं उघडतात. पणजीहून, मुंबईहून माणसं फोंड्याच्या, डिचोलीच्या, पेडण्याच्या मूळ घरी जमतात. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची बांधाबांध चालू असते, आणि मागच्या बाजूचा गॅसचा गिझर मे महिन्यापासून कुणी पेटवलेला नसतो. नळ सोडावा तर थंडगार पाणी. मग घरातला प्रत्येक जण आळीपाळीने जाऊन नळ सोडून पाहतो. कुणी डब्यावर थाप मारतो, कुणी सिलिंडर हलवून बघतो, कुणी ‘नवीनच घ्या आता’ म्हणून निकाल देऊन मोकळा होतो. मेकॅनिक त्या दिवसांत मिळाला तर नशीब.

अशा वेळी गिझर बिघडलेलाच असतो असं नाही. पुष्कळदा तो पेटायला नकार देत असतो, आणि नकाराला कारण असतं. ते शोधायला पहिल्या फेरीत डबा उघडावा लागत नाही. जवळ उभं राहून ऐकावं लागतं.

पण ऐकण्याआधी हुंगा. गॅसचा वास येत असेल तर पुढचं काहीच करायचं नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत, मोरीच्या बाजूला साचतो. वास आला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावा. हा गॅसगळतीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. वास नसेल तरच पुढे वाचत राहा.

नळ सोडल्यावर आत काय होतं

आपल्याकडे सर्रास दिसतो तो मिनिटाला सहा लिटरच्या आसपास पाणी तापवणारा छोटा गिझर. त्यात पाणी साठत नाही. तांब्याच्या नळीतून पाणी वाहत असतानाच खालच्या ज्वाळेवर तापतं. त्यामुळे पाणी वाहत नसताना ज्वाळा पेटली तर नळीच जळेल, आणि ज्वाळा नसताना गॅस सुटला तर घर उडेल. या दोन्ही गोष्टी घडू नयेत म्हणून आतली रचना सरकारी कचेरीतल्या फाईलसारखी केलेली असते. एका टेबलावर सही झाल्याशिवाय फाईल पुढच्या टेबलावर जात नाही.

पहिली सही पाण्याची. नळ सोडला की पाणी एका रबरी पडद्याजवळून जातं. त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी पुरेशा जोराने वाहिलं तर पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो, त्याला जोडलेली दांडी एका लहानशा बटणाला ढकलते. हा मायक्रोस्विच. तो दबल्यावर सेलवर चालणारी कंट्रोलची डबी जागी होते. ती ठिणगी पाडायला लागते, तोच ओळखीचा टक-टक-टक आवाज, आणि जवळजवळ त्याच क्षणी गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडते. त्याला सोलेनॉइड म्हणतात. बर्नर पेटतो. मग ज्वाळेत बसवलेली एक धातूची काडी ‘होय, ज्वाळा आहे’ असं कळवते, ठिणगी थांबते आणि गॅस चालू राहतो. ज्वाळा दिसली नाही तर काही सेकंदांत कंट्रोल गॅस बंद करून टाकतो. पुन्हा प्रयत्न करायचा तर नळ बंद करून परत सोडावा लागतो.

आता निदान सोपं झालं. टक-टक येतच नाही, टक-टक येते पण पेटत नाही, किंवा पेटतो आणि विझतो. फाईल कुठल्या टेबलावर अडकली हे या तिघांतून कळतं. फोनवरून विचारावं तर उत्तर मिळेलच असं मात्र नाही.

“अरे, गिझर पेटत नाही रे.”

“टक-टक आवाज येतो का, मावशी?”

“कसला आवाज? तुझे काका ओरडतात तेवढाच.”

टक-टक येतच नाही

सर्वांत आधी सेल. बहुतेक छोट्या गिझरना टॉर्चचे दोन मोठे सेल लागतात, दीड-दीड व्होल्टचे, मिळून तीन. गिझरच्या तळाशी प्लास्टिकची डबी असते, ती ओढली की सेल हातात येतात. गोव्याच्या पावसाळ्यात बंद घरात राहिलेले सेल पाझरलेले असण्याची शक्यता दांडगी. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल फेकून द्या, हातमोजा घालून डबीतल्या पत्र्याच्या पट्ट्या बारीक सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि दोन्ही सेल एकदम नवीन घाला. एक जुना, एक नवा अशी काटकसर चालत नाही. चार्जिंगचे सेलही नकोत. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात आणि तिथेच विजेचा दाब कमी पडतो. अल्कलाइन सेल थोडे महाग पडतात, पण या कामाला तेच बरे.

सेल नवे आहेत, तरी शांतता. मग पाणी. आणि गोव्यातल्या घरांत खरी गोम बहुतेक इथेच असते.

पडदा सरकायला पाण्याचा किमान दाब लागतो. गिझरच्या पाटीवर तो लिहिलेला असतो, अनेक मॉडेलांवर ०.०२ ते ०.०३ मेगापास्कलच्या आसपास. व्यवहारात याचा अर्थ असा: टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरच्या निदान दोन-तीन मीटर वर हवी, कारण पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण ०.१ मेगापास्कल दाब. आता आपली कौलारू घरं आठवा. कौलांवर टाकी ठेवता येत नाही, म्हणून ती मागच्या न्हाणीच्या स्लॅबवर बसते. स्लॅब आठ-नऊ फुटांवर, गिझर भिंतीवर पाच फुटांवर. टाकी भरलेली असेल तर जेमतेम दाब मिळतो, अर्धी असेल तर मिळत नाही. ‘सकाळी पेटतो, संध्याकाळी पेटत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी टाकीत किती पाणी होतं ते विचारतो.

याच कारणाने काही घरांत बादलीच्या नळावर गिझर पेटतो आणि शॉवरवर पेटत नाही. शॉवरचं तोंड उंचावर, त्यामुळे मिळालेली उंची वाया जाते. शिवाय जाळीची भोकं क्षाराने आणि गाळाने बुजलेली. शॉवरची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. कोकमाचं आगळही चालावं असं कुणी सांगितलं होतं, पण आगळ सोलकढीला ठेवलेलं बरं.

मोजून बघायचं असेल तर गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून त्याखाली एक लिटरची बाटली धरा. वीस-बावीस सेकंदांत भरली तर प्रवाह ठीक. अर्धं मिनिट किंवा जास्त लागत असेल तर गिझरला दोष देऊ नका. आधी त्याच्यावरची पाण्याची कळ बघा. ती ‘जास्त गरम’कडे फिरवली की पाण्याची वाट आवळली जाते, कमी दाबाच्या घरात ती उलट बाजूला, जास्त पाण्याकडे ठेवावी आणि ऊब गॅसच्या कळीने कमी-जास्त करावी. मिक्सरचा नळ असेल तर थंडाची बाजू पूर्ण बंद करून पाहा, कारण दोन्ही बाजू सोडल्या की गिझरमधून जाणारं पाणी आणखी घटतं.

तरीही प्रवाह कमी असेल तर गिझरमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी पाहा. पाणी आत येण्याच्या तोंडाशी, पाइप जोडतात तिथे, एक छोटी गाळणी असते. नळाची लाइन दुरुस्तीसाठी बंद राहून परत चालू झाली की ओपाचं असो वा अस्नोड्याचं, पहिल्या पाण्याबरोबर गंज आणि माती येते. विहिरीचा पंप टाकीत पाणी चढवत असेल तर पावसात लालसर गाळही येतो. हे सगळं त्या गाळणीत बसतं. पाण्याचा कॉक बंद करा, खाली बादली ठेवा, पाइपची चकती सोडवा, जाळी जुन्या टूथब्रशने धुवा, वॉशर जागेवर बसवून परत आवळा. हे घरच्या माणसाला जमण्यासारखं काम आहे. यात गॅसच्या कुठल्याही जोडाला हात लागत नाही.

घरात नुकतंच प्लंबिंगचं काम झालं असेल तर दोन पाइप उलटे जोडले गेले नाहीत ना, हेही पाहा. आत येणारं पाणी गरमच्या तोंडातून घातलं तर नळाला पाणी छान येतं, पण पडदा हलत नाही, आणि नवाकोरा गिझर जन्मात पेटत नाही. पाण्याच्या तोंडांवर निळी-लाल खूण असते.

प्रवाह उत्तम, सेल नवे, पाइप सरळ, आणि नळ सोडताना कान लावून आतून बारीकशी ‘टक’सुद्धा नाही? मग पडद्याचं रबर कडक झालं किंवा फाटलं, दांडी गंजून अडकली किंवा मायक्रोस्विच गेला. पडदा फाटला की कधी कधी खालून थेंब थेंब पाणीही गळतं. हे काम मेकॅनिकचं. पडदा बदलणं मोठं काम नव्हे. एवढ्यावरून कुणी नवा गिझर गळ्यात मारू लागला तर दुसऱ्याला विचारा.

टक-टक येते, ज्वाळा येत नाही

आता फाईल गॅसच्या टेबलावर. इथे सगळे एकच वाक्य म्हणतात: “स्वयंपाकघरातली शेगडी पेटते, म्हणजे गॅस आहे.” हे वाक्य फसवं आहे. शेगडीचा एक बर्नर दोन-तीन किलोवॉटचा असतो. सहा लिटरचा गिझर पाण्याचं तापमान पंचवीस अंशांनी वाढवताना पाण्याला दहा किलोवॉटच्या वर उष्णता देत असतो, म्हणजे गॅस शेगडीच्या बर्नरच्या चार-पाच पट खेचतो. तासाला जवळजवळ एक किलो. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण ज्वाळेवर चौदा-पंधरा तास पुरेल, हा त्याचा हिशेब. सिलिंडर तळाला आला की शेगडी आणखी दोन-तीन दिवस चहा करून देईल, पण गिझरला पुरेल इतका गॅस त्या दाबाने सुटणार नाही. सिलिंडर उचलून पाहा, किंवा ओलं फडकं फिरवून कुठवर ओल टिकते ते पाहा. आत द्रव आहे तिथवरचा पत्रा उशिरा सुकतो.

सिलिंडर नुकताच बदलला असेल, किंवा महिनोन्‌महिने गिझर बंद असेल, तर नळीत हवा भरलेली असते. नळ सोडा, टक-टक थांबली की बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत सोडा. लांब पाइप असेल तर चार-पाच वेळा करावं लागतं. मध्ये थांबणं महत्त्वाचं. न पेटलेला थोडा गॅस पसरून जायला वेळ हवा. एवढ्याने नाही पेटला तर हट्ट सोडा.

सेल इथे पुन्हा आडवे येतात, आणि हे पुष्कळांना पटत नाही. ठिणगी पडते म्हणजे सेल चांगले, असं वाटतं. पण सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह उघडायला ठिणगीपेक्षा जास्त जोर लागतो. अर्धमेले सेल टक-टक करत राहतात आणि व्हॉल्व्ह मात्र ओढू शकत नाहीत.

ठिणगी पडते, पण नको तिथे पडते, असंही होतं. समुद्राकाठच्या घरांत, कळंगुटपासून काणकोणपर्यंत, खारी दमट हवा ठिणगी पाडणाऱ्या काडीच्या पांढऱ्या चिनी मातीवर थर धरते. ठिणगी बर्नरवर उडी मारायची सोडून त्या ओलसर थरावरून पत्र्यात जाते. आवाज येतो, काम होत नाही. जून-जुलैत पावसाची झड मारत असेल अशा पडवीतल्या गिझरचं हे नेहमीचं दुखणं. दोन दिवस ऊन पडलं की आपोआप पेटायला लागतो आणि घरचे म्हणतात दुरुस्त झाला.

आणि कीटक. बंद गिझरच्या बर्नरच्या तोंडात कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. भोकं इवलीशी असल्यामुळे चिमूटभर माती पुरते. बर्नर काढून साफ करणं हे गॅसच्या बाजूचं काम, त्यामुळे तिथे सुई-तार खुपसू नका. भोक किंचित मोठं झालं तरी ज्वाळेचं गणित बिघडतं.

गोव्यात काही वसाहतींना आता पाइपने गॅस येतो. सिलिंडरवरचा गिझर त्या पाइपला तसाच जोडला तर नीट चालणार नाही. घरगुती एलपीजीचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो, पाइपच्या नैसर्गिक गॅसचा दाब २१ मिलिबारच्या आसपास असतो, आणि तेवढ्याच घनफळात नैसर्गिक गॅसमधली उष्णताही निम्म्याहून कमी. नोझल, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, बदलावे लागतात. ते गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या.

पेटतो आणि विझतो

दोन-चार सेकंदांत विझत असेल तर ज्वाळा ओळखणाऱ्या काडीकडे संशयाने पाहा. ज्वाळेतून अत्यंत सूक्ष्म वीज वाहू शकते, मायक्रोअँपियरमध्ये मोजावी इतकी. काडी तीच मोजते. तिच्यावर काजळी, गंज किंवा क्षार बसला की ज्वाळा असूनही तिला दिसत नाही आणि कंट्रोल गॅस बंद करतो. मेकॅनिक बारीक सँडपेपरचा एक हात फिरवून हे दोन मिनिटांत सोडवतो.

काही मिनिटं चालून विझत असेल तर गोष्ट वेगळी. तांब्याच्या नळीवर जास्त तापमानाला विजेची वाट तोडणारा स्विच असतो. पाणी कमी आणि ज्वाळा मोठी असली की तो वाट तोडतो. पाणी वाढवा किंवा ज्वाळा कमी करा. ‘उन्हाळा-हिवाळा’ अशी कळ असेल तर ती उन्हाळ्यावर ठेवा. गोव्यात डिसेंबरच्या आठवडाभराखेरीज हिवाळ्याची बाजू लागते कुणाला? पुष्कळ छोट्या गिझरमध्ये वीस मिनिटांनी स्वतःहून बंद होण्याची सोयही असते. पाठोपाठ चौघांच्या अंघोळी चालल्या असतील तर तो बिघाड नव्हे.

पेटताना ‘भप्प’ असा भडका होत असेल, तर मात्र त्याच दिवशी वापर थांबवा. याचा अर्थ गॅस आधी साचतो आणि ठिणगी उशिरा लागते. पिवळी, फडफडती ज्वाळा आणि डब्यावर काळे डाग हेही तसंच लक्षण. चांगली ज्वाळा निळी आणि स्थिर असते.

जे करू नये ते

ज्वाळेची काडी किंवा तापमानाचा स्विच तार लावून ‘डायरेक्ट’ करून देणारे महाभाग असतात. गिझर लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश. त्या क्षणापासून त्या डब्याला नकार देता येत नाही. असं काम करून घेऊ नका. आधीच्या भाडेकरूने करून ठेवलं असेल तर ते सोडवून घ्या.

आणि गिझर न्हाणीच्या आत बसवलेला असेल, तर तो पेटत नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही. हिशेब मांडून बघा. दीड मीटर बाय दोन मीटरची, अडीच मीटर उंच न्हाणी म्हणजे साडेसात घनमीटर हवा. एक किलो एलपीजी जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. सगळं बंद केलेल्या अशा खोलीत पूर्ण ज्वाळेवर पाच-सहा मिनिटांत प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८च्या आसपास उतरू शकतो. प्राणवायू कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. अंघोळ करणाऱ्याला वाटतं वाफेने होतंय, आणि कडी उघडण्याइतकं त्राण उरत नाही. गॅस गिझरमुळे न्हाणीत माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात दर हिवाळ्यात येतात. मरकॅप्टनचा वास इथे वाचवत नाही, कारण गॅस गळत नसतो, जळत असतो.

मागची पडवी ही गिझरची योग्य जागा. आपल्या जुन्या घरांना ती असतेच. पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीवर, वर-खाली मोकळी हवा ठेवून बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप न्हाणीत न्या. वारा लागतो म्हणून त्याला लाकडी पेटीत कोंडू नका. आडोसा एका बाजूने पुरतो. फ्लॅटमध्ये पडवी नसेल तर धूर थेट बाहेर नेणाऱ्या नळीचा, बाहेरूनच हवा घेणारा गिझर मिळतो, नाहीतर विजेचा घ्यावा. उघडी खिडकी असली की झालं, असं सांगणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. पाऊस आला की ती खिडकी पहिली बंद होते.

मेकॅनिकला फोन करताना ‘पेटत नाही’ एवढंच सांगू नका. टक-टक येते की नाही, ज्वाळा किती सेकंद टिकते, एक लिटरची बाटली किती वेळात भरते, सेल कधी बदलले, शेवटचा सिलिंडर कधी लावला, एवढं सांगितलं तर तो पडदा किंवा काडी बरोबर घेऊनच येईल आणि दुसऱ्या खेपेचे पैसे वाचतील. काम झाल्यावर त्याला तसाच जाऊ देऊ नका. त्याने सोडलेल्या प्रत्येक गॅसच्या जोडावर त्याच्यासमोर साबणाचा फेस लावा आणि मिनिटभर बघा. बुडबुडा फुगत असेल तर जोड गळतोय. रबरी नळीवरची तारीखही त्याच वेळी वाचा. पाच वर्षं उलटली असतील किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर गॅस एजन्सीकडची आयएसआय मार्कची नवी नळी मागवा आणि ती लागेपर्यंत सिलिंडर बंदच ठेवा.